सोबत्यांचे पूर्वायुष्य

लहान मुलांसाठी रचलेल्या कोणत्याही महानायकाच्या मालिकेत एक टप्पा ठरलेला असतो. कथा पुढे धावत असते, दर भागात एक संकट येते आणि दर भागात त्याचे निवारण होते. मग एखाद्या भागात कथा थांबून मागे वळते. नायकाचे आईवडील कोण, त्याला शक्ती कोठून लाभली, त्याने शपथ केव्हा आणि कोणापुढे घेतली, हे सांगितले जाते. या मागे वळण्याला आपण येथे ‘पूर्वकथा’ म्हणू. १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ पाहिलेल्या मुलांना गंगाधर आणि शक्तिमान यांच्यातले नाते सांगणारे असे भाग आठवत असतील. पूर्वकथेचा भाग संपला की प्रेक्षकाला वाटते, आता हा नायक आपल्याला अधिक कळला. खरोखरच तो अधिक कळलेला असतो का? पात्र वाढलेले असते, की त्याच्याविषयीची माहिती तेवढी वाढलेली असते?

हा प्रश्न मराठी वाचकाने परक्या भूमीवर जाऊन सोडवण्याची गरज नाही. महाराष्ट्रातल्या मुलाला महानायकाची पहिली मालिका भेटते ती दूरचित्रवाणीवर नव्हे, तर इयत्ता चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात. ‘शिवछत्रपती’ हे बालभारतीचे पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी वाचले, आणि त्याची रचना मालिकेचीच आहे. एक पाठ म्हणजे एक प्रसंग, एक संकट आणि एक विजय. भोवती सोबत्यांचे वलय आहे आणि आरंभी बालपणाचे पाठ आहेत. शिवचरित्राला मालिका म्हणण्यात त्याचा अधिक्षेप नाही. येथे बोलणे चालले आहे ते मुलांपुढे चरित्र मांडण्याच्या पद्धतीविषयी, चरित्राविषयी नव्हे. या मालिकेची बहुतेक पूर्वकथा घडते ती आजच्या पुणे जिल्ह्याच्या दोन डोंगराळ तालुक्यांत, भोर आणि वेल्हे येथे. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. जुन्या खोऱ्यांविषयी लिहिताना आम्ही जुनेच नाव वापरत आहोत.) रायरेश्वर, रोहिडा, तोरणा, राजगड, रांझे, कारी, उत्रवळी, शिंद, भुतोंडे ही सारी ठिकाणे याच टापूतली. हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ, मोसे खोरे अशी त्यांची जुनी विभागणी.

आधी मालिकेच्या स्वभावाबद्दल थोडे. उम्बेर्तो इको यांनी १९६२ साली सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधात एक मार्मिक निरीक्षण आहे. मालिकेतल्या नायकाने खरे कर्म केले तर तो काळाच्या प्रवाहात येतो, काळात आला की बदलतो, झिजतो, मृत्यूकडे सरकतो. पण पुढच्या आठवड्यात तोच नायक तसाच हवा असतो. म्हणून प्रत्येक गोष्ट मागची गोष्ट जणू घडलीच नाही अशी सुरू होते. या बंधनातून सुटण्याची वाट म्हणजे पूर्वकथा. नायकाला पुढे बदलता येत नाही म्हणून कथा मागे जाते. बॅटमॅनचे उदाहरण बोलके आहे. तो मे १९३९ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात अवतरला, आणि आईवडिलांचा खून पाहिलेल्या मुलाची प्रसिद्ध कथा आली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, ३३व्या अंकात. म्हणजे पात्र आधी ठरले, कारण मागून शोधले गेले. अशी पूर्वकथा जन्मकुंडलीसारखी असते. फक्त ती आयुष्य घडून गेल्यावर मांडलेली असते, त्यामुळे कधी चुकत नाही.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. धनंजयाच्या ‘दशरूपका’तला धीरोदात्त नायक आरंभीही धीरोदात्त असतो आणि अखेरीसही. त्याच्या बालपणाचे काम लक्षणे दाखवण्यापुरते. फॉर्स्टरने १९२७ साली सपाट आणि गोलाकार पात्रांचा जो भेद केला, तो मराठी एम. ए. चा प्रत्येक विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतो. पण कोणत्याही कादंबरीवरचा प्रबंध उघडावा, तर व्यक्तिचित्रणाच्या प्रकरणात सापडते ती गुणांची यादी: नायक धाडसी आहे, स्वाभिमानी आहे, निष्ठावान आहे, आणि त्याच्या निष्ठेचे मूळ त्याच्या बालपणात आहे. ही सवय विद्यापीठात लागलेली नाही. ती नवव्या वर्षी लागलेली आहे.

आता नायकाची पूर्वकथा पाहू. बालवाङ्मयातले प्रसंग सर्वांना ठाऊक आहेत. आई रामायण-महाभारतातल्या कथा सांगते, मुलगा सवंगड्यांबरोबर मातीचे किल्ले बांधतो, विजापूरच्या दरबारात मुजरा करत नाही, आणि मग रायरेश्वराच्या देवळात मूठभर मावळ्यांसह स्वराज्याची शपथ घेतो. रायरेश्वराचे पठार भोर तालुक्यात आहे, देऊळही आहे, आणि तेथे जाणाऱ्याला शपथेचे चित्र हमखास आठवते. पण साधनांकडे वळले की हे चित्र विरळ होऊ लागते. १६४५ चे म्हणून जे पत्र रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरस प्रभूंना लिहिलेले सांगितले जाते, त्यात उल्लेख रोहिडेश्वराचा आहे, आणि त्या पत्राच्या अस्सलपणाविषयीही इतिहासकारांत मतभेद आहेत. रोहिडेश्वर म्हणजे रायरेश्वर, की रोहिडा किल्ल्याच्या परिसरातले स्थान, हाही वादच. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९४ साली जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. त्याच्या बखरीत शपथेचा हा प्रसंग नाही. सभासदाचे मावळ शपथ घेणाऱ्या मित्रांचे मावळ नाही. तेथे देशमुखांना दस्त केले जाते, आणि जे पुंडाई करतात त्यांना मारले जाते.

येथे ‘काळ जितका लोटला तितके बालपण वाढले’ असे एक सोपे विधान करण्याचा मोह होतो. मल्हार रामराव चिटणिसाची एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची बखर सभासदाशेजारी ठेवली तर ते बरेचसे खरेही ठरते. पण महाराजांच्या हयातीतल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’त जन्माचे आणि बाललीलांचे सविस्तर वर्णन आहेच. फरक असा की परमानंदाला नायक अवतार म्हणून उभा करायचा आहे. अवताराच्या बाललीला त्याला घडवत नाहीत, ओळखवतात. चौथीच्या पुस्तकाने अवतार काढून घेतला आणि त्या जागी संस्कार ठेवले. ‘ओळखवणे’ मात्र तसेच राहिले. रायरेश्वरावरच्या मुलाला काही सोडावे लागत नाही, कशाची शंका येत नाही, दुसरा मार्ग त्याला दिसतही नाही. शहाजीराजे आदिलशाहीचे मातबर सरदार होते. मुलापुढे वडिलांची चाकरी चालवण्याचा मार्ग उघडा, प्रतिष्ठेचा आणि सुरक्षित होता. तो मार्ग मोहक होता हे सांगितल्याखेरीज तो नाकारणे ही कृती ठरत नाही, आणि बालवाङ्मय ते सांगत नाही.

म्हणूनच नायकाच्या पूर्वकथेवरून भांडणे होतात ती ‘त्याने काय ठरवले’ यावरून नव्हेत, तर ‘त्याला कोणी घडवले’ यावरून. पुण्याच्या लाल महालातले दादोजी कोंडदेवांचे शिल्प डिसेंबर २०१० मध्ये हलवले गेले, त्यामागे हाच प्रश्न होता. पूर्वकथा म्हणजे श्रेयाची वाटणी, हे उभय पक्षांनी गृहीत धरलेले होते. त्या वादात कोणाची बाजू घेण्याचे येथे प्रयोजन नाही. पण ज्या चरित्रातला नायक स्वतः काही ठरवतो असे मानले जाते, त्याच्या शिल्पकारांवरून इतका कलह का व्हावा, हे साहित्याच्या अभ्यासकाने स्वतःला विचारून पाहावे.

याच टापूत नायकाच्या पूर्वायुष्याचा एक प्रसंग असा आहे की ज्याला कागदाचा भक्कम आधार आहे. खेड-शिवापूरजवळचे रांझे हे भोर तालुक्यातले गाव. तेथील पाटील बाबाजी भिकाजी गुजर याने बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडण्यात आले. त्या संबंधीचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र उपलब्ध आहे आणि महाराजांच्या मुद्रेच्या अगदी आरंभीच्या पत्रांत त्याची गणना होते. पत्र करणारा पुरता सोळा वर्षांचाही नव्हता. बालवाङ्मय हा प्रसंग न्यायप्रियतेचा दाखला म्हणून घेते, आणि ते योग्यच आहे. मात्र दाखला म्हणून घेतल्यामुळे तो सुटा राहतो. पुढे तेरा-चौदा वर्षांनी, याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका माणसाच्या बाबतीत जवळजवळ तीच शिक्षा पुन्हा येते, आणि तेव्हा परिस्थिती अगदी निराळी असते. त्याकडे येण्याआधी कारीला जावे लागेल.

भोरच्या पश्चिमेकडील कारी हे जेध्यांचे गाव. मुलांच्या पुस्तकांतून कान्होजी जेधे येतात ते १६५९ साली, अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी. आदिलशहाचे फर्मान येते, खानाला मिळा, नाहीतर परिणाम भोगा. कान्होजी फर्मान घेऊन, पाच मुलांसह महाराजांपुढे उभे राहतात आणि वतनावर पाणी सोडतात. प्रसंग उत्तमच आहे. पण या पुस्तकांत त्याआधीचे कान्होजी जवळजवळ नाहीत. ते जन्मतःच निष्ठावान असल्यासारखे प्रवेश करतात आणि निष्ठा दाखवून पडद्याआड जातात.

आता जेधे घराण्याचा करिना काय सांगतो ते पाहावे. कान्होजींचे वडील नाईकजी यांना भाऊबंदांनी देशमुखीच्या लोभाने मारले. तान्ह्या कान्होजीच्या जिवावरही बेतले होते. घरच्या देवजी महाला याने मुलाला दाईसह बाहेर काढले आणि पुढे ते मोसे खोऱ्यात पासलकरांच्या आश्रयाला वाढले. मोठेपणी बाजी पासलकरांनी आपली मुलगी सावित्री त्यांना दिली, आणि कान्होजींनी आपली देशमुखी परत मिळवली. बाप मारला गेलेला, इमानी सेवकाने वाचवलेला, परक्या खोऱ्यात वाढलेला मुलगा! जगातल्या कोणत्याही चित्रकथेला हेवा वाटावा अशी ही पूर्वकथा आहे. ती अस्सल मराठी कागदांत आहे, आणि तरीही मुलांच्या पुस्तकांत तिला जागा मिळालेली नाही.

पण ती केवळ रोमहर्षक आहे म्हणून महत्त्वाची नाही. ती १६५९ च्या प्रसंगाचा अर्थ बदलते. ज्या वतनासाठी बापाचा जीव गेला, ज्याच्यापायी स्वतःचा जीव पाळण्यातच जाणार होता, जे परत मिळवण्यात उमेद खर्ची पडली, त्या वतनावर हा माणूस पाणी सोडतो आहे. पूर्वकथा वगळली तर ते पाणी निष्ठेचे. ती ठेवली तर त्या पाण्याखाली साऱ्या घराण्याचा इतिहास बुडतो. पूर्वकथेने पात्र वाढते की नाही याची आमची कसोटी ही आहे: नंतरच्या कृतीची किंमत तिच्यामुळे बदलते का? रायरेश्वराने अफजलखान-प्रसंगातल्या महाराजांची किंमत बदलत नाही. तो प्रसंग शपथेवाचूनही तसाच थोर राहतो. कान्होजींच्या बाबतीत मात्र पूर्वकथा काढून घेतली की उरते ते पुतळ्याएवढे.

या दोन टोकांच्या मधला काळही रिकामा नाही. कान्होजी शहाजीराजांच्या पदरी होते. जुलै १६४८ मध्ये जिंजीच्या बाजूला शहाजीराजांना कैद झाली तेव्हा कान्होजींनाही कैद भोगावी लागली. मे १६४९ मध्ये सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना मावळात मुलाच्या मदतीला पाठवले. म्हणजे ते आले ते स्वराज्याच्या स्वप्नाने भारून नव्हे, तर एका धन्याच्या सांगण्यावरून त्याच्या मुलाकडे. या दोहोंतले अंतर त्यांनी पुढच्या दहा वर्षांत तोडले, आणि १६५९ साली फर्मान हाती असताना ते किती तुटले होते हे दिसले. याला विकास म्हणतात. नऊ वर्षांच्या मुलाला तो कळणार नाही असे समजणे हा मुलांचा अपमान आहे. आधी सांगितले म्हणून आलेला पण नंतर मनापासून राहिलेला मित्र प्रत्येक मुलाच्या माहितीत असतो.

करिन्याविषयी एक सावधगिरी मात्र बाळगलीच पाहिजे. करिना म्हणजे घराण्याच्या हक्कांची हकिकत. ती वतनाच्या तंट्यात दाखवण्यासाठी, आपली बाजू उजळ करण्यासाठी लिहिली जाते. थोडक्यात, तीही हेतूने रचलेली पूर्वकथाच आहे, आणि भाऊबंदांची बाजू तिच्यात येणार नाही हे उघड आहे. तरी तिच्यात एक गोष्ट आहे जी शपथेच्या कथेत नाही: हितसंबंध. करिना लिहिणाऱ्याला हक्क सिद्ध करायचा असल्यामुळे कोणाला काय हवे होते आणि ते मिळवताना काय गमावले, हे त्याला सांगावेच लागते. याच घराण्यातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा दिला आहे, आणि हीच तारीख राज्य शासनाने २००१ साली शिवजयंतीसाठी स्वीकारली. गंमत पाहा, नायकाच्या पूर्वकथेतला सर्वांत पक्का तपशील सोबत्याच्या घरच्या कागदांतून आला, आणि सोबत्याची स्वतःची पूर्वकथा तेवढी दप्तरातच राहिली!

आता उत्रवळी. भोर गावाजवळचे हे गाव खोपड्यांचे. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीत जेधे आणि खोपडे या दोघांचेही हक्क होते आणि त्यावरून त्यांचे तंटेही होते. १६५९ साली खंडोजी खोपडे अफजलखानाला मिळाला. आपल्या ऐतिहासिक वाङ्मयात तो ‘फितूर’ या एका शब्दात संपतो. त्याने असे का केले हे विचारणे म्हणजे त्याचे समर्थन करणे, अशी आपली समजूत आहे. वास्तविक त्या क्षणी त्याच्यापुढे आणि कान्होजींपुढे तेच फर्मान, तेच भय आणि तेच आमिष होते. खानाचा पक्ष घेतला तर शेजारच्या जेध्यांवर मात करण्याची संधीही होती. एकाच खोऱ्यातल्या दोन देशमुखांनी एकाच पेचातून दोन वाटा काढल्या. खोपड्याला पूर्वकथा नाकारली की कान्होजींची निवडही निवड उरत नाही, कारण समोर दुसरी वाट चाललेला कोणी माणूसच नसतो. असतो तो खलनायक. आणि आडनावे तर अजून नांदत आहेत. भोरच्या एखाद्या शाळेत ही आडनावे एकाच बाकावर येऊ शकतात. एका आडनावाला थोरवी आणि दुसऱ्याला कलंक, दोन्ही कारणांवाचून देणारे पुस्तक त्या बाकावर काय शिकवते, याचा विचार शिक्षकांनीच करायचा.

खानाच्या वधानंतर खोपडे जीव वाचवण्यासाठी हिंडू लागला. त्याच्यासाठी शब्द टाकण्यात आला. गुंजण मावळचे हैबतराव शिळीमकर मध्ये पडले आणि त्यांनी कान्होजींनाच भीड घातली. करिन्यातली हकिकत अशी की कान्होजींच्या शब्दाखातर महाराजांनी खोपड्याला जीवदान दिले, पण पुढे त्याचा उजवा हात आणि डावा पाय तोडवला. कान्होजींना ते लागले, त्यांनी विचारणा केली, आणि महाराजांना उत्तर द्यावे लागले: जीव घेणार नाही हे वचन पाळले आहे, ज्या हाताने तलवार धरली आणि ज्या पायाने तो शत्रूकडे चालत गेला, शिक्षा त्यांना दिली.

रांझ्याचा प्रसंग याच्याशेजारी ठेवून पाहावा. १६४६ साली निर्णय घेणाऱ्या तरुणाला कोणाला उत्तर द्यायचे नव्हते. गुन्हा, चौकशी आणि शिक्षा अशी सरळ रेषा होती. खोपड्याच्या वेळी शिक्षा तशीच कठोर आहे, पण मध्ये एक माणूस उभा आहे, ज्याने नुकतेच वतन सोडले आहे आणि ज्याचा शब्द मोडता येत नाही. कायदा आणि सोबत्याचा मान या दोहोंच्या चिमटीत सापडलेला राज्यकर्ता येथे दिसतो. त्याने काढलेली वाट पटो वा न पटो (आम्हांला ती वकिली धाटणीची वाटते, आणि कान्होजींनाही कदाचित तशीच वाटली असेल), पण येथे नायक वाढलेला आहे. ही वाढ त्याच्या बालपणाच्या पाठातून कळत नाही. ती सोबत्याला पूर्वायुष्य आणि मन दिल्यानंतरच दिसू लागते. नरहर कुरुंदकर सांगत असत की महाराजांचे खरे मोठेपण त्यांच्या मृत्यूनंतरही लढत राहिलेल्या सामान्य माणसांत शोधावे. आम्हांला तो मुद्दा वाङ्मयीन अंगानेही खरा वाटतो: नायकाच्या चरित्राचा विकास नायकात कमी आणि त्याच्या भोवतीच्या माणसांत अधिक घडतो.

बाजीप्रभूंच्या बाबतीत हेच घडले, आणि अलीकडे तर त्यावरून वादही झाला. बाजीप्रभू देशपांडे भोर तालुक्यातल्या शिंद गावचे, हिरडस मावळच्या बांदल देशमुखांकडचे कारभारी. पुस्तकांतले बाजीप्रभू १३ जुलै १६६० या एका दिवसाचे आहेत. पण बांदल प्रथम महाराजांच्या विरोधात होते, जेध्यांशीही त्यांचे जुने वैर होते, आणि त्यांना स्वराज्यात आणणे हे सोपे काम नव्हते. म्हणजे जे सहाशे बांदल खिंडीत आणि त्या वाटेवर झुंजले ते काही वर्षांपूर्वीचे विरोधक. हे कळल्यावर खिंड निराळी दिसते की नाही?

२०२२ साली एकाच वर्षात या खिंडीवर दोन मराठी चित्रपट आले. फेब्रुवारीत दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’, आणि दिवाळीत अभिजित देशपांडे यांचा ‘हर हर महादेव’. पहिल्याने बांदल सेनेला ठळक स्थान दिले. दुसऱ्याने बाजीप्रभूंची पूर्वकथा, म्हणजे विरोधाचा काळ, उभा करण्याचा प्रयत्न केला, आणि त्यावर मोठे वादळ उठले. इतिहासाची मोडतोड झाल्याचे आक्षेप आले, काही ठिकाणी खेळ बंद पाडले गेले, मावळातल्या जुन्या घराण्यांच्या वंशजांनीही नाराजी व्यक्त केली. आक्षेप तपशिलांचे होते आणि कृष्णाजी बांदलांशी झालेल्या संघर्षाच्या तपशिलांबद्दल अभ्यासकांतही एकमत नाही. तो हिशेब इतिहासकारांनी करावा. आमच्या दृष्टीने खेदाची गोष्ट वेगळी. चित्रपटाने पूर्वकथा आणली ती दोन शूरांच्या टकरीसाठी. एका कारभाऱ्याला आपल्या धन्याचे घराणे आणि एक नवे राज्य यांच्यामधून वाट काढताना काय वाटले असेल, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही. पूर्वकथा आणली म्हणजे पात्र वाढतेच असे नाही, याचा हा ताजा पुरावा. ‘तान्हाजी’ (२०२०) या हिंदी चित्रपटानेही नायकाला वडिलांच्या मृत्यूची पूर्वकथा दिली. तिने सूडाचे इंधन पुरवले, इतकेच.

भुतोंड्याचे येसाजी कंक हे आणखी एक उदाहरण, आणि ते उलट्या दिशेचे. बालवाङ्मयात येसाजी म्हणजे हत्तीशी झुंजणारा वीर. त्या एका प्रसंगापलीकडे ना मागचे काही, ना पुढचे. पूर्वकथा राहू द्या, त्यांची उत्तरकथा तरी सांगावी. महाराजांच्या पश्चात, १६८३ साली, संभाजी महाराजांच्या काळात पोर्तुगिजांविरुद्ध फोंड्याच्या लढाईत उतारवयातले येसाजी आपला मुलगा कृष्णाजी याच्यासह लढले, जखमी झाले, आणि मुलगा गमावून परतले. हत्ती मात्र सर्वांना आठवतो. आज भाटघर धरणाच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे, वरसगावच्या जलाशयाला बाजी पासलकरांचे. मावळच्या ज्या खोऱ्यांतून ही माणसे आली त्यांतली कितीतरी गावे आणि शेते या पाण्याखाली आहेत. नावे तेवढी वर आहेत.

जेधे आणि बांदल यांच्या बाबतीत मात्र परंपरेने एक प्रसंग जपून ठेवला आहे, आणि तो कोणत्याही बालपुस्तकात सहज मावेल इतका लहान आहे. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांचा होता. पावनखिंडीनंतर तो बांदलांना द्यावा असे ठरले, तेव्हा महाराजांनी आधी कान्होजींना विचारले. ज्या घराण्याशी पूर्वी उघड वैर होते, त्या घराण्याला आपला मान देण्यास कान्होजींनी संमती दिली. पहिले पान बांदलांचे झाले आणि जेधे दुसऱ्या पानावर बसले.